रॉकेट घेऊन विमानानं जायचंय? कोल्हापुरातनं पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

रॉकेट विमानातून जातं, रॉकेटची मोटर जात नाही. हँडबॅगेतनं नाही, चेक-इनमधनं नाही, एखादीच बारकी आहे म्हणून नाही, कॉलेजचं पत्र दाखवून नाही आणि जादा पैसे भरूनही नाही. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की मग उरतं ते पॅकिंगचं आणि कागदांचं काम, आणि ते नीट बसून केलं तर कुणालाही जमतं. हे लिहितोय ते कॉलेजच्या टीमसाठी, शाळेतल्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठीसुद्धा, कारण पहिल्यांदा जाताना घरच्यांनाच जास्त टेन्शन असतं की विमानतळावर रॉकेट म्हटलं की पोलीस धरतील का काय. नाही धरत, पण तयारी पाहिजे.

मोटरला एवढी बंदी का ते आधी समजून घ्या, म्हणजे मग पळवाटा शोधायचा मोह होत नाही. छोट्या मोटरमध्ये ब्लॅक पावडर म्हणजे आपली बंदुकीची दारू दाबून भरलेली असते, मोठ्या मोटरमध्ये अमोनियम परक्लोरेट, रबरासारखा बाइंडर आणि बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असं मिश्रण असतं. दोन्हीत जळायला लागणारा ऑक्सिजन आतच असतो, बाहेरच्या हवेची गरजच नाही. विमानाच्या सामानाच्या कप्प्यात आग लागली तर ती गॅस सोडून दाबायची सोय असते, पण स्वतःचा ऑक्सिजन घेऊन जळणाऱ्या गोष्टीवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून १८ मिलीमीटर जाडीची, ७० मिलीमीटर लांबीची, बोटाएवढी मोटर असली तरी उत्तर तेच. काहीजण म्हणतात अमेरिकेत तर ही खेळण्याच्या दुकानात मिळते, आणि २००९ मध्ये तिथल्या कोर्टाच्या निकालानंतर परक्लोरेटवालं इंधन स्फोटकांच्या यादीतनंसुद्धा काढलंय. खरं आहे, पण ती विकत घ्यायची आणि घरी ठेवायची यादी, विमान वाहतुकीची नियमावली पूर्ण वेगळी आहे आणि तिच्यात ही मोटर आजही धोकादायक मालच आहे.

पहिलं काम: मोटर तिथं कशी मिळणार ते ठरवा, तिकीट नंतर

बरेच लोक आधी स्वस्त तिकीट बघून बुक करतात आणि मग मोटरचं बघू म्हणतात, हे उलटं करा. जिथं उडवणार तिथल्या आयोजकांना किंवा क्लबला मेल टाका, मोटर कोण देणार, कुठल्या साइजची, पैसे कधी भरायचे, हातात कधी मिळणार, हे सगळं लेखी घ्या. अमेरिकेत जात असाल तर तिथं नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेटरी आणि ट्रिपोली अशा दोन मोठ्या संस्था आहेत, त्यांच्या लाँचला मोटर विकणारे दुकानदार बऱ्याचदा मैदानावरच येतात, पण तुमची मोटर त्यांच्या गाडीत असेलच असं नाही, आधी ऑर्डर लागते. आणि एच क्लासपासून पुढची, म्हणजे जास्त ताकदीची मोटर (क्लासचं गणित खाली दिलंय) तिथं कुणालाही देत नाहीत, सर्टिफिकेट लागतं, वय १८ पूर्ण लागतं. लेव्हल एकला एच आणि आय, लेव्हल दोनला जे, के, एल, आणि त्याच्यावर एम पासून लेव्हल तीन. तुमच्या टीमकडं सर्टिफिकेट नसेल तर तिथला सर्टिफाइड माणूस तुमच्या वतीनं उभा राहायला तयार पाहिजे, आणि असा माणूस आठवड्याभरात मिळत नाही, काही महिने आधीपासनं बोलायला लागतं.

(क्लासचं गणित नवीन लोकांसाठी: ए म्हणजे मोटरचा एकूण जोर जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला दुप्पट. सी६-५ असं लिहिलं असेल तर सी क्लास, सरासरी जोर ६ न्यूटन, आणि इंधन संपल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा चार्ज. हे पाठ करून ठेवा, कारण तिथं गेल्यावर तुमची मोटर नसेल तर बदली कुठली चालेल हे तुम्हालाच सांगावं लागणार, आणि त्यासाठी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, म्हणजे उड्डाणाचा हिशोब, दोन-तीन मोटरांवर घरनंच करून न्या.)

कॉलेजच्या टीमांची जी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, जी न्यू मेक्सिकोत स्पेसपोर्ट अमेरिका कप नावानं व्हायची, ती २०२५ पासून टेक्सासमधल्या मिडलंडला गेली. जुन्या टीमचे प्रवासाचे प्लॅन जसेच्या तसे वापरू नका, विमानतळ बदललाय, शेवटचा गाडीचा प्रवास बदललाय.

भारतात उडवायचं असेल तर आणखी काळजी. आपल्याकडं १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत, परवाना देणारी संस्था म्हणजे पेसो, तिचं मुख्य ऑफिस आपल्याच महाराष्ट्रात नागपूरला आहे. म्हणजे मोटर आयात करणं, साठवणं, बनवणं यातलं काहीच विनापरवाना चालत नाही. इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट (डब्याएवढा नमुना उपग्रह) यांची स्पर्धा सुरू केलीय, २०२५ मध्ये ती उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात झाली, अशा ठिकाणी जाताना मोटरची जबाबदारी कुणाची हा प्रश्न आयोजकांना पहिल्याच मेलमध्ये विचारा. आणि कृपा करून, तिथं पाहुण्यांकडं उतरून पोटॅशियम नायट्रेट आणि साखर गॅसवर शिजवायचा विचार करू नका, नायट्रेटची पुडी विमानातनंसुद्धा नेता येत नाही आणि तिथं बनवताना हात भाजला तर आयुष्याचं नुकसान.

विमानानं नाही तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं नेऊ, असंही विचारतात. नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये धोकादायक माल बेकायदा नेल्याबद्दल ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एसटी आणि ट्रॅव्हल्समध्ये शेजारी चाळीस माणसं बसलेली असतात, आणि पोस्टातनं, कुरिअरनंही स्फोटक पाठवता येत नाही.

शाळेतली पोरं एखाद्या सायन्स एक्झिबिशनला परगावी चालली असतील तर माझं स्पष्ट मत आहे, वॉटर रॉकेट न्या. कोल्ड्रिंकची बाटली, लाँचर आणि सायकलचा पंप, इंधन म्हणजे तिथलंच पाणी. बघणाऱ्यांना तेवढीच मजा येते आणि विमानतळावर कुणी अडवायचं कारणच उरत नाही.

दुसरं: तिकीट काढताना

कोल्हापूरवरनं जाणारी विमानं लहान असतात, एटीआर नाहीतर एम्ब्रेअर. वरचे कप्पे छोटे, सामानाची जागा कमी. म्हणून तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहून मेल करा आणि एवढं मोठं सामान या विमानात घेणार का ते विचारा. फोनवर हो म्हणतात, पण काउंटरवरच्या माणसाला तो फोन माहीत नसतो, मेलची प्रिंट दाखवता येते. देशांतर्गत इकॉनॉमीला बहुतेक १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात असं असतं, आंतरराष्ट्रीयला नगावर हिशोब असतो आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसेल. रॉकेटचं डिझाइन करतानाच हे डोक्यात ठेवलं तर सगळ्यात चांगलं, बॉडी ट्यूब एकसलग दीड मीटर करण्यापेक्षा कपलर (दोन नळ्या जोडणारा तुकडा) टाकून असे तुकडे करा की प्रत्येक तुकडा ७० सेंटिमीटरच्या आत बसेल, मोठ्या सुटकेसमध्ये तिरका ठेवला तर आरामात मावतो आणि ओव्हरसाइजचा विषयच संपतो.

पावसाळ्यात जात असाल तर मुंबईच्या पुढच्या फ्लाइटमध्ये एक दिवसाचं तरी अंतर ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं ढग खाली आले की विमान रद्द होतं, मग रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून मुंबई गाठायची वेळ येते.

तिसरं: सतरंजीवर सगळं मांडा आणि ढीग करा

निघायच्या आधी आठवडाभर, घरातली मोठी सतरंजी टाका आणि रॉकेटशी संबंधित एकूणएक वस्तू तिच्यावर मांडा. टूलबॉक्सच्या तळाशी पडलेली, कंपास बॉक्समध्ये ठेवलेली, खिशात राहिलेली, सगळी. मग ढीग करा.

घरीच राहणारा ढीग: मोटर, रीलोडचं म्हणजे परत भरता येणाऱ्या मोटरचं इंधन, पॅराशूटच्या चार्जला उशीर लावणारे डिलेचे तुकडे, ब्लॅक पावडर, मोटर किंवा चार्ज पेटवायचे इग्नायटर आणि ई-मॅच. शेवटच्या दोन गोष्टींत लोक फसतात कारण दिसायला ती साधी वायर असते, पण टोकाला जो काळा किंवा रंगीत थेंब असतो तो पेट घेणारा मसाला आहे, म्हणून तीसुद्धा बंद. नुसती नायक्रोम वायर, काहीही न लावलेली, ती चालते. याच ढिगात स्प्रे पेंट, थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोलियमवाले क्लीनर. रंगकाम घरीच करा आणि किमान आठवडाभर आधी उरका म्हणजे वास जातो. एपॉक्सी आणि त्याचा हार्डनर यांच्या काही प्रकारांवर बंदी असते, काहींवर नसते, त्यात डोकं घालण्यापेक्षा तिथं हार्डवेअरच्या दुकानातनं घ्या, जगात सगळीकडं मिळतं.

चेक-इनचा ढीग: बॉडी ट्यूब, नोजकोन, फिन, सेंटरिंग रिंग, पॅराशूट, शॉक कॉर्ड (रॉकेटचे भाग आणि पॅराशूट बांधून ठेवणारी दोरी), आय बोल्ट, थ्रेडेड रॉड, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कटर, कात्री, नायलॉनच्या शिअर पिना (पॅराशूट बाहेर पडताना तुटणाऱ्या), टेप. धारदार आणि टोकदार ते सगळं इकडंच. लाँच रॉड आणि लाँच कंट्रोलर शक्यतो नेऊच नका. क्लबच्या लाँचला त्यांची स्वतःची यंत्रणा असते. कंट्रोलर म्हणजे काय, तर एक डबा, त्यावर किल्लीचा स्विच, लाल बटण, दिवे, लांबलचक वायर आणि बॅटरी, एक्स-रेच्या पडद्यावर याच्याइतकी संशयास्पद दिसणारी दुसरी वस्तू नसेल. नेणं भागच असेल तर बॅटरी काढा, वायर सोडवून वेगळ्या पिशवीत, डबा उघडा ठेवून पारदर्शक पिशवीत. रेल बटण (रॉकेट रेलमध्ये अडकवायचं बटण) मात्र जादा घेऊन जा, आणि तिकडची रेल, म्हणजे ज्या पट्टीवरनं रॉकेट सुटतं ती, कुठल्या मापाची आहे ते विचारून घ्या, अमेरिकेत १०१० नावाची एक इंची रेल खूप चालते.

पॅराशूटला लावायची टॅल्कम पावडर आणि पॅराशूट जळू नये म्हणून वॅडिंग म्हणून घालतात तो कागदाचा करडा लगदा, या दोन्ही गोष्टी निरुपद्रवी, पण बिनलेबलच्या पिशवीत पांढरी भुकटी बघून कुणालाही शंका येणार. पावडर तिथं घ्या, लगद्याऐवजी नोमेक्सचं, म्हणजे आगीला टिकणारं कापड वापरा, ते परत परत वापरता येतं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त कुठलीही भुकटी हातातल्या सामानात असली की वेगळी तपासणी होते.

पॅराशूट उघडायला सीओटू काडतूस वापरत असाल तर ते दाब भरलेलं नळकांडं आहे, त्याला एअरलाइनची आधी परवानगी लागते. तसलीच काडतुसं सायकलच्या दुकानात मिळतात, तिथंच घ्या. आणि यातल्या काही सिस्टीममध्ये काडतूस फोडायला चिमूटभर ब्लॅक पावडर लागते, ती अर्थातच इथनं जाणार नाही.

बॅटरी आणि अल्टिमीटर, इथं जरा थांबून वाचा

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा १०० वॉट-तास, १०० ते १६० मधल्या असतील तर एअरलाइनची परवानगी आणि त्याही दोनच. हिशोब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ७.४ व्होल्टची ३०० मिलीअँपिअर-तासवाली लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) म्हणजे २.२२ वॉट-तास, ११.१ व्होल्टची १३०० वाली म्हणजे १४.४३, म्हणजे आपल्या रॉकेटमधल्या बॅटऱ्या मर्यादेच्या जवळपाससुद्धा जात नाहीत. अडचण येते ती लेबलमुळं, स्वस्तातल्या लिपोवर वॉट-तास छापलेलेच नसतात किंवा घासून गेलेले असतात, मग तपासणारा माणूस अडून बसतो. कायम मार्करनं आकडा स्वच्छ लिहा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, कनेक्टरवर टेप, फुगलेली असेल तर घरीच ठेवा. चार्ज एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास असू दे, पूर्ण भरून नेऊ नका.

आणि लहान विमानाचा एक खास मुद्दा. गेटवर कधी कधी सांगतात की वर जागा नाही, तुमची हँडबॅग खाली टाकतो. तेव्हा त्या बॅगेतल्या बॅटऱ्या आधी बाहेर काढून स्वतःजवळ घ्यायच्या. म्हणून बॅटऱ्या बॅगेच्या तळात पुरू नका, वरच्या कप्प्यात एका छोट्या पाऊचमध्ये ठेवा, दोन सेकंदात हातात आला पाहिजे.

आता अल्टिमीटर. आपला बॅरोमेट्रिक अल्टिमीटर हवेचा दाब बघून उंची ठरवतो. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो, मोठ्या जेटमध्ये तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा होतो. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आतबाहेर. म्हणजे अल्टिमीटर चालू राहिला तर त्याच्या हिशोबानं तो हजारभर मीटर वर चढला, रॉकेट उडालं, आणि विमान उतरायला लागलं की त्याला वाटू शकतं आता टोक गाठलं, पॅराशूटचं आउटपुट द्या. काही मॉडेल हळू चढण्याकडं दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत. पुढं काही जोडलेलं नसलं तर स्फोट वगैरे काही होणार नाही, पण हा बोर्ड जमिनीवर आल्यावर उंची सांगायला पिक-पिक-पिक असा आवाज करत बसतो, तो थांबतच नाही. सामानाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या बंद सुटकेसमधनं असा आवाज आला तर पुढं काय होईल ते सांगायची गरज नाही. स्विच बंद करून भागत नाही, धक्क्यानं स्विच सरकतो. बॅटरीचा कनेक्टर काढा. एव्हिऑनिक्स बे (रॉकेटमधला इलेक्ट्रॉनिक्सचा कप्पा) पूर्ण उघडा, स्लेड म्हणजे बोर्ड बसवलेली पट्टी बाहेर काढा, त्यावरची बॅटरी सोडवा, आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळं हातातल्या सामानात घ्या, महागही असतं आणि विचारलं तर समजावूनही सांगता येतं.

ट्रॅकर, म्हणजे पडलेलं रॉकेट शोधायच्या यंत्राबद्दल. भारतात लायसन्स न लागणारी लोराची (कमी वीज खाऊन लांब सिग्नल पाठवणाऱ्या रेडिओची) फ्रिक्वेन्सी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, अमेरिकेत ९०२ ते ९२८, म्हणून मोड्यूल दोन्हीकडं चालेल का ते घेतानाच बघा. उपग्रहावर चालणारे फोन आणि मेसेंजर भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, परदेशातनं येणारा मित्र किंवा भाऊ सोबत तसलं काही आणत असेल तर त्याला आधीच सांगा, विमानतळावर अडकलेली उदाहरणं आहेत.

केसिंग धुणं

रीलोडेबल मोटरची अ‍ॅल्युमिनियमची केसिंग म्हणजे बाहेरचं कवच, इंधन नसलेलं, चेक-इनमधनं जाऊ शकते. पण वापरलेली असेल तर तिच्यात काजळी असते आणि तिचे कण तपासणीच्या मशीनला सापडतात. विमानतळावर कापडाची पट्टी बॅगेवर, हातावर फिरवून मशीनमध्ये घालतात ना, तेच. म्हणून माझा सल्ला, वापरलेली केसिंग नेणं टाळता आलं तर टाळा, तिथं उसनी घ्या. न्यायचीच असेल तर गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून रात्रभर भिजवा, बाटली घासायच्या ब्रशनं आतनं घासा, ओ-रिंगच्या खाचा जुन्या टूथब्रशनं, ग्रीस पुसून काढा, पाणी बदलून परत. पांढरं फडकं आतनं फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग वाळवा, आणि दोन्ही बाजूंची झाकणं काढून वेगळी बांधा. दोन्ही टोकं बंद असलेला धातूचा पाइप कुठल्याही एक्स-रेवाल्याला थांबवणारच, उघडा असला की आरपार दिसतो. उद्यमनगरात लेथवर करून आणलेले रिंग, ब्रॅकेट, रेलचे पार्ट असतील तर त्यांच्यावरचं कटिंग ऑइलसुद्धा असंच धुवून टाका, कपड्यांना लागतं आणि वास मारतं.

हाच नियम तुम्हालाही. मैदानावर घातलेले कपडे, बूट, टोपी प्रवासात घालू नका, बॅगेतही न धुता टाकू नका. खतातल्या नायट्रेटनं आणि ग्लिसरीनवाल्या हँडक्रीमनंसुद्धा मशीन वाजू शकतं, म्हणून उसाला खत टाकताना घातलेले बूट घालून विमानतळावर जाऊ नका, आणि दिवाळीत फटाके उडवून त्याच हातानं बॅग भरू नका.

पॅकिंग

एकच कसोटी, उघडणाऱ्याला आणि एक्स-रे बघणाऱ्याला प्रत्येक वस्तू वेगळी ओळखू आली पाहिजे. बॉडी ट्यूबमध्ये जागा वाचवायला मोजे, चार्जर, वायरी कोंबतात, ते करू नका, ट्यूब रिकामी ठेवा. नोजकोन काढून वेगळा. आणि मोटर माउंट, म्हणजे मोटर बसते ती आतली नळी, प्रत्येक रॉकेटची, जुन्यापान्यासकट, मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघा. मागच्या वेळी न उडालेली मोटर तिथं तशीच अडकून राहिलेली असू शकते, आणि तीच सगळ्यात महागात पडते. हे काम एकानं करून दुसऱ्यानं परत तपासायचं, टीममध्ये दोघांची नावं ठरवून टाका.

फिनच्या टोकांना फोम लावा, कपड्यांच्या थरात ठेवा. सुटकेस नसेल तर क्रिकेटची किट बॅग मस्त काम करते, लांबी चांगली असते, आपल्याकडं सहज मिळते आणि दिसायला ओळखीची. पीव्हीसी पाइपला दोन्हीकडनं टोपी लावून त्यात रॉकेट नेण्याची आयडिया इंटरनेटवर दिसेल, मजबूत असते पण दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपचं काय ते वर सांगितलंच. डमी मोटर, शोसाठी केलेली, छापील लेबल लावलेली, अजिबात नको. बॉडीवर बॉम्ब, मिसाइल असलं काही रंगवलेलं असेल तर ते झाका, नाहीतर आधीपासनंच तसलं नाव ठेवू नका.

कागद

कॉलेजच्या किंवा शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पानाचं पत्र. त्यात कोण चाललंय, कुठं, कशासाठी, सोबत काय आहे, आणि ठळक अक्षरात की यात मोटर, इंधन, इग्नायटर, स्फोटक काहीही नाही. खाली सही, शिक्का आणि असा फोन नंबर जो सकाळी सहाला उचलला जाईल. त्याला जोडून वस्तूंची यादी आणि जोडलेल्या रॉकेटचा एक फोटो, म्हणजे तुकडे बघणाऱ्याला एकत्र काय होतं ते कळतं. एक प्रत तुमच्याकडं, एक बॅगेत सगळ्यात वर. हे पत्र म्हणजे परवाना नव्हे, बंदी असलेली वस्तू त्यानं सुटत नाही, फक्त समोरच्याला लवकर समजायला मदत होते.

निघायच्या दिवशी

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, दोन तास आधी पोचा, छोटा विमानतळ आहे म्हणून शेवटच्या क्षणी जायची सवय असेल तर या वेळी सोडा. सोडायला आलेल्या काकांना, मित्राला लगेच परत पाठवू नका, तुम्ही सिक्युरिटी पार करून फोन करेपर्यंत थांबायला सांगा. एखादी वस्तू नाकारली तर ती त्यांच्याकडं देता येते, नाहीतर तिथंच टाकून जावी लागते.

काउंटरवर स्वतःहून सांगा, लपवल्यासारखं करू नका. "मॅडम, यात कॉलेजचं मॉडेल रॉकेट आहे, पुठ्ठ्याचं आणि फायबरचं, इंधन काही नाही, उघडून दाखवू का?" एवढंच, शांतपणे. पहिलं वाक्य "आमच्याकडं रॉकेट आहे" असं तुटक टाकू नका. बॅग उघडायला बोलावलं तर जा, त्यांनी सांगितल्याशिवाय हात घालू नका, आणि विचारलं तेवढंच सांगा, न्यूटन-सेकंद समजावत बसायची ती जागा नाही. रांगेत आपसात बॉम्ब, उडवू, फुटेल असले शब्द मस्करीतसुद्धा नकोत, टीममधल्या बारक्यांना आदल्या रात्री नीट बजावून ठेवा, असल्या मस्करीवर केस होते. आणि तपासणाऱ्या जवानानं नाही म्हटलं तर नाही, शेवटचा निर्णय त्यांचाच. आवाज चढवला तर वस्तूही जाते आणि फ्लाइटही.

मुंबईतनं पुढं

परदेशी जाताना दोन वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत बॅग घ्यायची, टर्मिनल बदलायचं, सगळी तपासणी परत. वेळ भरपूर ठेवा. महागडी इलेक्ट्रॉनिक्स, कॅमेरा, ट्रॅकर बाहेर नेऊन परत आणणार असाल तर मुंबईला कस्टम्सच्या काउंटरवर एक्सपोर्ट सर्टिफिकेट (वस्तू इथनंच नेली याचा पुरावा) करून घ्या, सीरियल नंबर आणि बिलं लागतात, आणि हे बॅग चेक-इन करायच्या आधी, कारण वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते. खूपच महागडं सामान असेल तर फिक्कीकडनं मिळणारं एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणायचं कस्टम्सचं कागदपत्र) हा पर्याय आहे. मधे दुबई, दोहा, फ्रँकफर्ट असं कुठं विमान बदलत असाल तर हातातलं सामान तिथंही तपासतात आणि तिथले नियम लागतात, पाऊचमधल्या बॅटऱ्या आणि पत्र हाताशी ठेवा.

परत येताना

जाताना सगळे सावध असतात, येताना दमलेले असतात आणि पहाटेची फ्लाइट असते, म्हणून घोळ इकडंच होतो. न वापरलेल्या मोटर, उरलेले इग्नायटर, ब्लॅक पावडर मैदानावरच क्लबला किंवा दुकानदाराला देऊन टाका, पैसे परत मिळाले तर ठीक, नाही मिळाले तर सोडून द्या. आठवण म्हणून एकसुद्धा मोटर बॅगेत नको, जळलेल्या पुठ्ठ्याच्या मोटरचं नळकांडंसुद्धा नको, त्याचा फोटो काढा आणि तिथंच टाका. न फुटलेला इजेक्शन चार्ज एव्हिऑनिक्स बेमध्ये राहिलाय का ते उघडून बघा, हे मैदान सोडायच्या आधी, तिथं ते निकामी करणारी माणसं असतात, हॉटेलच्या खोलीत नसतात.

रॉकेट आतनं बाहेरनं ओल्या फडक्यानं पुसा, इजेक्शनच्या काजळीनं काळी झालेली शॉक कॉर्ड आणि नोमेक्स साबणानं धुवा, धुवायला वेळ नसेल तर कॉर्ड सरळ टाकून द्या आणि कोल्हापुरात नवीन घ्या. कपडे धुवून भरा. अमेरिकेतनं येताना चेक-इन बॅग तुमच्या मागे उघडून तपासतात आणि आत चिठ्ठी ठेवतात, म्हणून वस्तूंची यादी परत सगळ्यात वर ठेवा आणि असं भरा की अनोळखी माणसालाही परत तसंच लावता येईल. मोटर माउंटमध्ये टॉर्च मारायचं काम इकडं निघताना झालं तसंच तिकडनं निघतानाही, त्याच दोघांनी. मुंबईत उतरल्यावर एक्सपोर्ट सर्टिफिकेट हातात ठेवा, विचारलं की दाखवा, आणि मग कोल्हापूरच्या फ्लाइटसाठी बॅटऱ्या परत त्याच वरच्या पाऊचमध्ये.